किसनतात्यांचं पहिलं कलम

लग्नात किसनतात्यांना शोधायचं असेल तर स्टेजकडे बघू नये. मंगल कार्यालयाच्या मागच्या बाजूला जावं. जिथे केटररची माणसं पातेली घासत असतात, त्याच्या पलीकडे 'स्त्रिया' अशी पाटी असलेलं एक दार असतं. त्या दारापाशी एखादी म्हातारी पहाऱ्याला उभी असते आणि तात्या उकिडवे बसून दाराला कडी बसवत असतात. पांढरा सदरा, पांढरी विजार, डोक्यावर टोपी आणि ओठांत दोन स्क्रू. तिकडे माइकवर सूत्रसंचालक तिसऱ्यांदा पुकारत असतो, की आपल्या भागाचे भाग्यविधाते, माजी सरपंच, माननीय तात्यासाहेब जिथे असतील तिथून त्यांनी वधूवरांना आशीर्वाद द्यायला यावं. भाग्यविधाते ओठांतले स्क्रू हातात घेतात आणि निरोप आणणाऱ्याला सांगतात, "आलोच म्हणावं. एवढा एक आटा धरू दे."

मग ते हात धुऊन स्टेजवर जातात, अक्षता टाकतात आणि खाली उतरता उतरता कार्यालयाच्या मालकाला गाठून चार लोकांत झापतात. पाचशे गाड्यांचं पार्किंग केलंस, कारंजं केलंस, नवरीला खाली सोडायला पाळणा केलास, आणि एक कडी लावायला तुझे हात मोडले का, असं. मालक हसतो. सगळेच हसतात. आमच्या पट्ट्यातली बाई लग्नाला निघताना आधी दार धरायला बरोबर कोण येणार ते ठरवते आणि मग दागिने काढते, हे तात्यांचं निरीक्षण. ते ऐकून पुरुष हसतात, बायका हसत नाहीत.

मीही पुष्कळ वर्षं हसलो. आता हसणाऱ्यांचा राग येतो, त्यात पहिला माझा.

तात्यांचं गाव चाकणच्या अलीकडे, हमरस्त्यावर. गावाचं आणि तात्यांचं आडनाव लिहीत नाही, कारण तिथे अर्ध्या गावाचं आडनाव एकच आहे आणि उरलेले त्यांचे जावई आहेत. गावाच्या फाट्याचा आता मोठा चौक झाला आहे. तळवडे, चिखली, मोशीकडून येणाऱ्या हजारो बायका रोज पहाटे त्या चौकात उतरतात आणि कंपनीच्या बसची वाट बघत उभ्या राहतात. कुणी लातूरची, कुणी परभणीची, कुणी वाशिमची. दहा बाय दहाच्या खोलीतून सकाळी पाचला निघालेल्या. बस कधी दहा मिनिटांत येते, कधी ट्रॅफिकमुळे तासाभराने. चौकात तीन बिर्याणीची दुकानं आहेत, दोन दारूची, एक भलामोठा डिजिटल फलक आहे. बायकांना जायला जागा नाही.

तात्यांचं सगळं राजकारण या एका वाक्याभोवती फिरलं. तीस वर्षांत ते एकदा सरपंच झाले, एकदा पंचायत समितीवर गेले आणि जिल्हा परिषदेला पडत राहिले. चार पक्ष झाले. लोक त्यांना बेडूक म्हणतात. त्यांच्या घरी खुंटीवर चार रंगांची उपरणी एकावर एक टांगलेली असतात आणि सभेला निघताना ते पुतण्याला विचारतात, "आज कंचं?" एकदा चुकून जुन्या पक्षाचं उपरणं घालून नव्या पक्षाच्या मेळाव्याला गेले. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण व्यासपीठावरच्या निम्म्या मंडळींचं तेच होतं.

मी त्यांना एकदा विचारलं होतं की तात्या, इतके पक्ष कसे बदलले. ते म्हणाले, "म्या कुठं बदललो? ज्याच्या दारात गेलो त्याला एकच इचारलं, चौकात बायांची सोय करणार का. व्हय म्हणला, त्याचं उपरणं घातलं. निवडणूक झाली का इसरला. मग दुसऱ्याच्या दारात गेलो." मग म्हणाले, "रंग त्यांचा, राव. कलम माझं."

पक्षांना त्यांचं काय करावं ते कळत नसे. एका पक्षाने त्यांना सांस्कृतिक आघाडीचं अध्यक्ष केलं. पहिल्याच कार्यक्रमाला, लावणी महोत्सवाला, तात्यांनी उद्घाटन तासभर रोखून धरलं, कारण कलावंत बायकांना कपडे बदलायला आणि बाकी कशाला तंबूमागे जागा नव्हती. आधी सोय, मग भाषण, हे त्यांचं ब्रीद. आमदार हातात फीत कापायची कात्री घेऊन उभे, आणि तात्या बांबू रोवून घेतायत. पुढच्या महिन्यात सांस्कृतिक आघाडी बरखास्त झाली. अधिकृत कारण संघटनात्मक फेरबदल.

माझी त्यांची ओळखही अशाच एका उद्घाटनात झाली. मी चाकणच्या एका कंपनीत कार्मिक विभागात आहे. गाडीचे वायरिंग हार्नेस, म्हणजे तारांचे जुडगे, बनतात तिथे, आणि ते काम बायकाच करतात, कारण बोटं बारीक लागतात आणि तक्रार कमी लागते. हे दुसरं कारण आम्ही कागदावर लिहीत नाही. नवीन शेडच्या उद्घाटनाला आसपासचे पुढारी बोलावले होते. परदेशातले मोठे साहेब आले होते. तात्यांनी पुष्पगुच्छ घेतला आणि माझ्या कानाशी येऊन विचारलं, "संडास कुठंय?"

वयस्कर माणूस, अडचण असेल, म्हणून मी लगबगीने निघालो. मला बघून सिक्युरिटीचे दोघे निघाले, त्यांना बघून ॲडमिनचा माणूस निघाला. अशी आमची वरात पुरुषांच्या टॉयलेटपाशी आली. मी अदबीने दार उघडून धरलं. तात्या जागचे हलले नाहीत. "माझं न्हाई वो. बायांचं दाखवा. बाया किती, खोल्या किती, त्ये सांगा."

मी सांगितलं. मग त्यांची नजर लाइनवरच्या टेबलाकडे गेली. तिथे खिळ्याला एक लाल प्लॅस्टिकची चकती टांगली होती. ती काय, म्हणून त्यांनी विचारलं. मी कौतुकाने सांगितलं की ते टोकन आहे. एका लाइनवर तीस बायका, त्यांना एक टोकन. जिला जायचं तिने टोकन गळ्यात घालून जायचं, ती परत आल्याशिवाय दुसरीने उठायचं नाही. त्यामुळे लाइन थांबत नाही.

तात्यांनी ती चकती हातात घेऊन उलटसुलट करून बघितली. मग म्हणाले, "ही अक्कल कुणाची?"

मी म्हणालो, "मॅनेजमेंटची."

ती माझी होती. टोकनची पद्धत मी सुचवली, मी तिची नियमावली लिहिली आणि त्या वर्षी मला त्याबद्दल फ्रेम केलेलं प्रशस्तिपत्रक मिळालं. बायका कामावर येताना पाणीच पीत नाहीत हे मला माहीत होतं. कंपनीच्या दवाखान्यात रोज कोण कशासाठी येतं याचं रजिस्टर माझ्याच सहीने बंद व्हायचं. लघवीची जळजळ, ओटीपोटात दुखणं, ताप. मी सही करत होतो. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की नियम मी करत नाही, फक्त लिहितो. हे वाक्य किती हलकट आहे ते मला पन्नाशी ओलांडल्यावर कळलं.

त्यानंतर तात्या मला 'पर्सनल' म्हणायला लागले. जुन्या लोकांच्या तोंडी आमच्या विभागाचं तेच नाव आहे. काय पर्सनल, बरं हाय का पर्सनल. कंपनीच्या अंकात मी अधूनमधून लिहितो हे त्यांना कुठून तरी कळलं, आणि गेल्या निवडणुकीच्या आधी एके रविवारी ते आमच्या सोसायटीत वही घेऊन हजर झाले. जिल्हा परिषदेला चौथ्या पक्षाचं तिकीट मिळालं होतं. जाहीरनामा लिहून हवा होता. "पक्षाची पोरं लिहित्यात त्ये मला वाचता येत न्हाई," ते म्हणाले. "तू मराठीत लिही."

वही दुरेघी होती. अक्षर मोठं, तिसरीतल्या पोरासारखं. कलमं पाच होती, पण पहिलं दोन पानं आणि बाकीची मिळून अर्धं. पहिलं कलम चौकातल्या बायांच्या सोयीचं. किती खोल्या, कोणत्या बाजूला तोंड, रस्त्यावरून दिसू नये म्हणून भिंत किती उंच, आत दिवा, बाहेर दिवा, पाणी, पगारावर एक बाई दिवसरात्र. आणि शेवटी लिहिलं होतं, 'एक आरसा'.

मी हसून म्हणालो की तात्या, आरसा कशाला.

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला माझं हसू गिळावं लागलं. "अंधारात घर सोडलेली बाई असती ती. पोराला झोपेत सोडून आल्याली. कामावर जायच्या आधी एकदा स्वताचं तोंड बघावं वाटत नसंल व्हय तिला?"

दुसरं कलम होतं, कंपन्यांतलं टोकन बंद. त्याच्यापुढे एवढंच लिहिलं होतं, 'माणसाला परवानगी लागू नये.' ते दाखवताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मला तेव्हा वाटलं, त्यांना माहीत नाही.

मी लिहिलं. खरंच मनापासून लिहिलं. दोन रात्री कलमं घासूनपुसून साधी केली. बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, हे तुम्ही लिहिलंत? तिच्या आवाजात जे आश्चर्य होतं त्याचा मला अभिमान वाटला, वाईट वाटायला हवं होतं.

मग पक्षाचे निरीक्षक आले. वय तिशीच्या आत, दाढी कोरलेली, लॅपटॉपवर सगळ्या मतदारसंघाचे रंगीत तुकडे. त्यांनी मला भोसरीच्या छापखान्यात बोलावलं. तात्यांना नाही, मला. पहिलं पान बघून त्यांनी कपाळाला हात लावला. "काका, पान उघडल्या उघडल्या शौचालय? आणि ते पण दोन पानं? लोकांना ॲस्पिरेशन हवं असतं." त्यांच्या मते हे फार खालच्या पातळीवरचं वाटत होतं, शेजारच्या गटात उमेदवार आय-टी पार्क देत होते आणि आपण मुतारी. पहिलं कलम काढा, किंवा शेवटी कुठेतरी 'इतर नागरी सुविधा' असं टाका. त्या जागी त्यांनी एक नवीन कलम सुचवलं, चौकाचं सुशोभीकरण आणि सेल्फी पॉइंट. तरुण मतदार, महिला मतदार, सगळे कव्हर होतात.

मी नाही म्हणालो नाही. तात्यांना विचारतो असंही म्हणालो नाही. मी म्हणालो, बरोबर आहे तुमचं.

दुसरं कलम काढायला मला कुणी सांगितलं नाही. फक्त त्याच आठवड्यात आमच्या प्लँट हेडने कॅन्टीनमध्ये माझ्या टेबलाशी येऊन विचारलं होतं, की तुमचे ते नेते टोकनवर काहीतरी बोलतात असं ऐकलं, तुम्हीच लिहिता ना त्यांचं? बस, एवढंच. हसून, पाठीवर हात ठेवून. मी छापखान्यात बसल्या बसल्या तेही कलम काढलं. माझ्या हाताने, माझ्या बोटांनी. काढून झाल्यावर चहा प्यायलो. तेव्हा काही वाटलं नाही. लोक म्हणतात पाप करताना छाती धडधडते. खोटं आहे.

तात्या छापलेलं वाचत नाहीत. चष्म्याचा कंटाळा, शिवाय ज्याच्यावर काम सोपवलं त्याच्या मागे लागायचं नाही ही पद्धत. गठ्ठे आले तसे ते घरोघर वाटत फिरले. तोंडाने पहिलं कलम सांगत होते, हातात ज्याच्यात ते नाही असा कागद देत होते. पंधरा दिवस. मी रोज ठरवत होतो, आज सांगू.

शेवटच्या आठवड्यात चौकातच सभा झाली. दुपारी, शिफ्ट सुटायच्या वेळी, म्हणजे बायका ऐकतील. त्या खरंच थांबल्या होत्या, डबे घेऊन, स्कार्फ बांधून. तात्या रंगात आले होते. जमिनी घेताना ज्यांनी गावाला स्वर्ग दाखवला त्यांना त्यांनी फाडलं. या चौकात दारूला परवाना मिळतो, बिर्याणीला मिळतो, आणि बाईला आडोसा मिळत नाही, म्हणाले. एखाद्या पुढाऱ्याला दोन तास या चौकात उभा करा आणि त्याला जाऊ देऊ नका, मग बघा ठराव कसा मंजूर होतो. बायका टाळ्या वाजवत होत्या. मी दुसऱ्या रांगेत बसलो होतो.

तेवढ्यात पुढे उभी असलेली एक बाई, तिशीची असेल, बोलण्यावरून मराठवाड्यातली, तिने हातातला जाहीरनामा वर केला. "मामा, तुम्ही म्हणालाव ते ह्याच्यात कुठं हाय? म्या सगळं वाचलं. न्हाई ओ कुठं."

तात्या हसले. म्हणाले, पहिल्याच पानावर हाय बाई, नीट बघ. तिने कागद त्यांच्याकडे दिला. त्यांनी खिशातून चष्मा काढला, लावला आणि माइकसमोर वाचायला लागले. त्यामुळे सगळ्या चौकाला ऐकू गेलं. "चौकाचे आकर्षक सुशोभीकरण... भव्य सेल्फी पॉइंट..." ते थांबले. पान उलटलं. परत मागे आले. चारही पानं झाली. मागच्या पानावर त्यांचा हात जोडलेला फोटो होता, त्याच्याकडेही त्यांनी नीट बघितलं, जणू त्याच्याखाली काही असेल.

लोक हसायला लागले. आधी टपरीवरचे, मग विरोधी पक्षाची पोरं, मग सगळेच. कुणीतरी ओरडलं, तात्या, स्माइल. ती बाई हसली नाही. तिने फक्त मान खाली घातली, जशी हे आधीच माहीत असलेल्या माणसाने घालावी.

मी उठायला हवं होतं. दहा पावलांवर माइक होता. मी एक वाक्य बोललो असतो तर तो माणूस खोटा ठरला नसता. मी माझ्या बुटांकडे बघत बसलो.

तात्यांनी चष्मा काढला. "छापताना माझ्याकडनं ऱ्हायलं," ते म्हणाले. "चूक माझी." आणि खाली उतरले.

ते पडले, हे सांगायला नको. पुढचं जास्त वाईट आहे. जो निवडून आला त्याच्या माणसांनी आमचाच जाहीरनामा वाचला असावा, कारण सहा महिन्यांत चौकात सेल्फी पॉइंट उभा राहिला. पत्र्याचे दोन मोठे रंगीत पंख, मध्ये उभं राहायला जागा, वर गावाचं नाव आणि लाल हृदय. उद्घाटनाला बँड होता. माझं मराठी इतक्या लवकर प्रत्यक्षात आलेलं मी आयुष्यात बघितलं नव्हतं.

आणि त्या पंखांचा खरंच उपयोग झाला. उघड्या चौकात बायकांना आडोसा म्हणून आता तेवढाच आहे. पहाटेच्या अंधारात त्या पंखांच्या मागे जातात. एक जाते, दोघी पुढे साडी पसरून उभ्या राहतात. आमच्या कंपनीची बस तिथेच थांबते, म्हणून मी हे डोळ्यांनी बघितलं. दिवसा पुढून पोरं फोटो काढतात आणि वास येतो म्हणून नाक धरतात. वर्तमानपत्रात महिलांमुळे सौंदर्यस्थळाला बकाली अशी बातमी आली. ती वाचून मी पेपर फाडला. फाडून काय होतं? बकाली मी लिहिली होती.

त्या सोमवारी मी प्लँट हेडकडे गेलो आणि टोकन बंद करायची विनंती केली. ते म्हणाले, बघू. मी 'थँक यू सर' म्हणून बाहेर आलो. टोकन अजून खिळ्यावर आहे. मी शूर झालो असं कुणाला वाटू नये म्हणून हे लिहिलं.

पण निदान तात्यांना तरी सांगायचं, एवढं ठरवून मी एका दुपारी त्यांच्या घरी गेलो. वर्षभर मी त्यांना चुकवत होतो. घर चौकालाच लागून आहे, दुमजली, जमिनीच्या पैशातून बांधलेलं. तात्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा-सून वर राहत होते, नातवंडं होती. घरासमोर रस्त्याच्या पलीकडे कडुनिंबाखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीवर तात्या बसले होते. घराकडे पाठ करून. झाडामागच्या कुंपणाच्या भिंतीकडे तोंड. भिंतीवर बघण्यासारखं काही नव्हतं.

मी म्हणालो, तात्या, उन्हात का बसलात, घरात चला. ते म्हणाले, आत्ता नको, शिफ्ट सुटलीय.

मी मागे वळून बघितलं. त्यांच्या घराचं फाटक सताड उघडं होतं आणि बायका आत जात होत्या, बाहेर येत होत्या. ओसरीत डबे आणि पिशव्यांचा ढीग होता. एकीने पायरीवर बसून चपलेचा अंगठा नीट केला, उठली आणि गेली. कुणी कुणाला काही विचारत नव्हतं.

हळूहळू कळलं. निवडणुकीनंतर आठ दिवसांत त्यांनी हे सुरू केलं. खालचा मजला बायकांसाठी; ज्यांना ठाऊक नव्हतं किंवा ज्यांचा नंबर लागत नव्हता, त्याच पंखांमागे जात होत्या. पहाटे दोन तास आणि दुपारी दोन तास घरात पुरुष असला की त्या बिचकतात, म्हणून तेवढा वेळ तात्या बाहेर. पुतण्याने दुसरीकडे खोली घेतली. मुलगा-सून रावेतला फ्लॅटमध्ये गेले. सुनेच्या मैत्रिणी तिला विचारायला लागल्या होत्या, तुमचं घर म्हणजे ते सार्वजनिक का. "त्यांचं बी खरंय," तात्या म्हणाले. "पोरांच्या वाढदिवसाला बोलावणार कुणाला?" नातवंडं येतात का, हे मी विचारलं नाही.

मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. ते कलम मी काढलं, तात्या. दोन्ही कलमं. छापखान्यात बसून.

"म्हाईतंय," ते म्हणाले. "छापखानेवाल्यानं त्याच आठवड्यात सांगितलं."

"म्हणजे सभेच्या आधी?"

"न्हाई, नंतर. आधी कळलं असतं तर तुला स्टेजवर वढला असता." त्यांचा आवाज चढला. एकदाच. "लई राग आला होता तुझा. तुझ्या गेटवर येऊन तुझं प्रशस्तिपत्रक मागणार होतो. ती टोकनाची अक्कल तुझी, ते बी ठाव होतं मला, उद्घाटनाच्याच दिवशी. मॅनेजमेंटची म्हणताना तुझं कान लाल झालं होतं."

मी म्हणालो, मग आला का नाहीत.

त्यांनी खुर्ची जराशी सावलीत ओढली. मग सांगायला लागले. जमीन कंपन्यांना गेली तेव्हा ते सरपंच होते, वय पस्तिशीचं. पंचनामा त्यांनीच करून दिला. झाडं मोजली, विहिरी मोजल्या, गोठे मोजले, एक आंबा राहिला म्हणून परत माणूस बोलावला. ओढ्याच्या कडेला घाणेरीची दाट जाळी होती. गावातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या तिकडे जायच्या. ती कुणी मोजली नाही, ती कुणाची नव्हती. कुंपण एका रात्रीत उभं राहिलं. सकाळी गावभर पेढे होते.

"महिनाभरानं आईनं रातचं जेवण सोडलं," तात्या म्हणाले. "मी म्हणलं, आगं खात का न्हाईस? गप बसायची. डाक्टरला दावलं, टॉनिक आणलं. मला लई दिवसांनी बायकोनं सांगितलं. म्हातारी सत्तरीची, ट्रकच्या लाइटीत हायवेच्या कडंला किती येळा जाणार? म्हणून खायाचंच न्हाई." त्यांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. "तू एक कलम काढलंस, पर्सनल. म्या आख्खा आडोसा काढला. तुझ्यावर कुठल्या तोंडानं रागवू?"

मला वाटतं ते मला माफ करत नव्हते. ते फक्त हिशेबातून स्वतःला वगळत नव्हते. मला राग आला, त्यांचाही. त्यांनी मला शिव्या द्यायला हव्या होत्या, मी त्यासाठीच गेलो होतो.

रस्ता ओलांडून एक बाई आमच्याकडे आली. विशीतली, कंपनीचा नवाकोरा ॲप्रन, गळ्यातलं ओळखपत्र अजून प्लॅस्टिकच्या पिशवीसकट. तिने तात्यांकडे बघितलं.

"बाबा, इथले वॉचमन तुम्हीच का?"

तात्या म्हणाले, "व्हय."

"आतला मग्गा फुटलाय. मालकाला सांगा की नवीन आणायला. एवढं मोठं घर बांधलंय, मग्गा आणवंना व्हय त्यांला?"

"सांगतो," तात्या म्हणाले. "जरा चिकटच हाय मालक."

ती हसली. जाता जाता थांबून म्हणाली, "पण चांगला असंल माणूस. आमच्या गावाकडं कुणी दारात उभं करत न्हाई." आणि बस आली तशी पळाली.

तात्यांनी मला चौकातल्या दुकानात पाठवलं. मी मग्गा आणून त्यांच्यासमोर धरला. त्यांनी तो हातात घेतला नाही. मान न वळवता त्यांनी कानोसा घेतला. फाटकाकडून बांगड्यांचा आणि बोलण्याचा आवाज येत होता.

"थांब जरा," ते म्हणाले. "आजून चौघी-पाच जणी हायेत आत."

मी मग्गा हातात धरून त्यांच्या शेजारी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो.